पहिल्या रांगेतला रुमाल

कुसुमबाईंनी रुमाल झटकला, त्याची चौकोनी घडी केली आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर तो बरोबर मधोमध ठेवला. खुर्चीच्या पाठीवर ‘मुख्य अतिथि’ अशी छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. ती त्यांनी आधीच वाचली होती. म्हातारीला वाचता येत नाही म्हणून चुकून ठेवला, असं मागून कोणी म्हणायला नको.

“माय, ती चीफ गेस्टची सीट आहे,” मागे उभी असलेली ज्योती कुजबुजली. कुसुमबाईंची ही थोरली लेक सरकारी शाळेत शिकवते. आई चारचौघांत हट्टाला पेटली की हिचे कान लाल होतात.

“असंल.”

“अगं, चिठ्ठी लागली आहे तिच्यावर.”

“चिठ्ठीचा कायदा या टॉकीजात कधीच नोता. रुमाल पडला की जागा पक्की.”

तेवढ्यात टॉकीजच्या सेठांचा नातू मयंक दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. रेवा टॉकीज पाडून तिथे दुकानांची इमारत उठवायचं त्याचं ठरलं होतं, आणि पाडण्याआधी गावातल्या जुन्या प्रेक्षकांना बोलावून दुपारचा एक शेवटचा शो करायचा, चार भाषणं करायची, असा त्यानं घाट घातला होता. पोरगा मनानं वाईट नव्हता. त्याच्या एका हातात कुसुमबाईंचं जुनं स्टूल होतं आणि दुसऱ्या हातात त्यांची पितळी टॉर्च.

“अम्मा, आप यहाँ! आपकी जगह तो गेट पर है. बिलकुल पहले जैसे बैठना, टॉर्च लेके. लोग फोटो खींचेंगे. और आखिर में अपनी वो घंटी बजा देना.”

“घंटी वाजवीन,” कुसुमबाई म्हणाल्या. “पण ते स्टूल कामाचं हाय, बाबू. आज मी कामावर नाही. पिक्चर पाहाले आली.”

मयंकला मराठी अर्धीमुर्धी कळायची. “हाँ हाँ, जैसा आप कहें,” म्हणत त्यानं स्टूल दाराशी टेकवलं, टॉर्च त्यावर ठेवली आणि माइकवाल्याला हाका मारत तो खाली पळाला. रुमालाकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

राज्यं नव्यानं बेतली गेली, नागपूर तिकडे गेलं नि जबलपूर इकडे राहिलं, त्या सुमाराला मयंकच्या आजोबांनी, पन्नालाल सेठनी, हे टॉकीज बांधलं. पुरुष खाली, बायका वर. वरच्या जनाना बाल्कनीच्या तिकिटांवर नंबर नसायचे. तिकीट घेऊन वर यायचं, मनाजोगती जागा हेरायची आणि तिच्यावर रुमाल टाकायचा. मग बेलाशक खाली जावं, शेंगदाण्याची पुडी घ्यावी, पोराला मोरीवर न्यावं, मैत्रिणीची वाट बघावी. रुमाल जागा राखून ठेवायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच कदाचित सगळ्या बायका तो पाळत असत. म्हणजे, सगळ्यांच्या बाबतीत पाळत होत्या असं नाही.

कुसुम तेव्हा नवी नवरी होती. घरात धम्म येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि नवरा लहानू खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नुकता कायम झाला होता. सुटीच्या दिवशी तो तिला पहिल्यांदा सिनेमाला घेऊन आला. जिन्यापाशी त्यानं खिशातून आपला निळ्या चौकटींचा रुमाल काढून तिच्या हातात दिला.

“पयल्या लाइनीत खांबाजवळ टाक. तिथं समोर कोनाचं डोस्कं येत नाही.”

तिनं तसंच केलं आणि ती पेलाभर पाणी आणायला गेली. परत आली तर सराफ्यातल्या अनसूयाबाई त्या खुर्चीपुढे छत्री टेकून उभ्या होत्या आणि रांगेतल्या बायकांना विचारत होत्या, “हा रुमाल कोणाचा?”

“ती खमरियाच्या बसनं आली ना, तिचा,” कोणीतरी म्हणालं. “त्यांच्यातली आहे.”

त्यांच्यातली म्हणजे कोणातली, हे कोणी विचारलं नाही. अनसूयाबाईंनी छत्रीच्या टोकावर रुमाल उचलला आणि जिन्याच्या बाजूला जमिनीवर सोडून दिला. रागानं नाही. तांदळातला खडा काढून टाकावा, तसा. मग पुन्हा एकदा इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, “कोणाचा आहे?” कुसुम समोरच उभी होती. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ‘माझा’ एवढं दोन अक्षरांचं उत्तर द्यायचं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघालं नाही.

अंधार झाल्यावर तिनं रुमाल उचलला आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. घरी जाताना बसमध्ये लहानूनं विचारलं, “जागा भेटली बरोबर?” ती म्हणाली, “हो. खांबाजवळ.” पुढे कितीतरी दिवस तिला अनसूयाबाईंचा राग कमी यायचा आणि स्वतःच्या मुकेपणाचा जास्त.

जनान्याच्या दारावर तिकिटं बघायला सेठ एक बाई शोधत आहेत हे कळलं, तेव्हा ती आपली आपण जाऊन उभी राहिली. “काहून? फुकट पिक्चर पाहाले?” लहानूनं चिडवलं. “हो,” ती म्हणाली. खरं कारण तिनं त्याला कधी सांगितलं नाही, आणि तो गेला तेव्हा ते सांगायचं राहूनच गेलं.

दारावर आल्यावर मात्र कुसुमबाईंनी रुमालाचा कायदा असा काही चालवला की भल्याभल्यांची बोलती बंद झाली. एकदा एका बड्या अफसराच्या बायकोनं भाजीवालीचा रुमाल उचलून तिथे बूड टेकलं. कुसुमबाईंनी तिच्या तोंडावर टॉर्च धरली आणि ती उठेपर्यंत हलवली नाही. सेठनी खाली बोलावून घेतलं. “कुसुमबाई, किसको उठाया, मालूम है?” यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “उठवलं नाही जी. मागं बसवलं.” सेठ हसू दाबत हिशेबाकडे वळले.

अनसूयाबाईही येत राहिल्या. दारावरची ही बाई म्हणजे तीच पोर, हे त्यांना कधी उमगलं नाही. त्यांच्या लेखी तसं काही घडलंच नव्हतं. एकदा त्यांच्या रुमालावर दुसरीच कोणी बसली, तर कुसुमबाईंनी तिलाही उठवलं आणि अनसूयाबाईंची जागा अनसूयाबाईंना दिली. कायदा म्हणजे कायदा.

एवढं सगळं केलं, तरी त्या खांबाजवळच्या खुर्चीवर कुसुमबाई स्वतः कधी बसल्या नाहीत. गेटवालीला खुर्ची नसते. पिक्चर बघायचं ते दारातून, तुकड्यातुकड्यानं, उशिरा आलेल्यांना जागा दाखवता दाखवता. पुढे जनाना-मर्दाना भेद गेला, बाल्कनी सगळ्यांची झाली, मग एक दिवस टॉकीजच बंद पडलं. आता ते पाडलं जाण्याआधी त्यांना ती जागा हवी होती. कोणाच्या मेहेरबानीनं नको होती. रुमाल टाकून, सगळ्यांच्या देखत हवी होती.

“चल खाली,” त्या ज्योतीला म्हणाल्या.

“आता? कोणीतरी बसेल ना, माय, तुझ्या जागेवर.”

“म्हणून तं जाते. राखत बसलं तं मंग रुमाल कायले टाकाचा?”

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. कुसुमबाई टॉकीजला एक फेरी घालून आल्या. सायकल स्टँडच्या जागी आता मोटारसायकली लागत होत्या, पण पत्र्यावर रंगवलेले नंबर अजून पुसट दिसत होते. गाण्यांच्या चोपड्या विकणारा जिथे बसायचा, तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. तो स्वतः बेसूर होता, पण कोणती चोपडी कशी आहे विचारलं की अख्खं गाणं म्हणून दाखवायचा आणि गिऱ्हाईक पळून जायचं. खोव्याच्या जलेबीचं दुकान तेवढं जागच्या जागी होतं. मध्यंतरात बायका वरच्या खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडायच्या, जलेबीवाला तिच्यात पानाचा दोना ठेवायचा आणि अर्धा पाक खालच्या लोकांच्या डोक्यावर सांडत टोपली वर जायची. भांडणं व्हायची. काय सुंदर भांडणं व्हायची! कुसुमबाईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. हे सगळं पाडून तिथे काचेची दुकानं येणार, या विचारानं त्यांचा जीव तुटला. त्यांनी जलेबी घेतली, उभ्यानंच खाल्ली आणि हात धुऊन त्या वर गेल्या.

पहिल्या रांगेत, खांबाजवळ, मीराबाई बसल्या होत्या. या अनसूयाबाईंच्या सूनबाई, कॉलेजच्या प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या, आजच्या मुख्य पाहुण्या. त्यांच्या शेजारी खुद्द अनसूयाबाई होत्या. पार वाकलेल्या, कानानं अधू, हातात काठी. रुमाल खुर्चीवर नव्हता. तो दाराशी, कुसुमबाईंच्या स्टूलवर, टॉर्चखाली नीट घडी करून ठेवलेला होता.

कोणी ठेवला असेल त्यानं चांगल्या मनानंच ठेवला होता. कुसुमबाईंचा रुमाल, म्हणून कुसुमबाईंच्या जागी.

“माय, मागे बसून जाऊ ना,” ज्योती म्हणाली. “मागून पण छान दिसते. प्लीज.”

मागचा बाक रिकामाच होता. कुसुमबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग टॉर्च बाजूला सारून रुमाल उचलला, मुठीत धरला आणि त्या दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. तिथे भिंतीत घंटीचं काळं बटण होतं.

हातात आलेल्या माइकवर मीराबाई जागेवरूनच बोलायला लागल्या. सभा मिश्र होती, म्हणून हिंदीत बोलल्या, आणि छान बोलल्या. टोपलीतली जलेबी त्यांनाही आठवत होती. “इस बालकनी में हम सब साथ बैठते थे,” त्या म्हणाल्या, “कौन किस घर की है, किस बस्ती की है, यहाँ किसी ने कभी पूछा ही नहीं.” टाळ्या पडल्या. कुसुमबाई ऐकत होत्या. बाई खोटं बोलत नव्हती. ती सून होऊन जबलपुरात आली, तेव्हा दारावर कुसुमबाई येऊन बरीच वर्षं झाली होती.

भाषणं संपली. मयंकनं खालून वर हात केला. दिवे तसेच राहिले. त्यानं पुन्हा हात केला. लोक माना वळवून बघायला लागले, कोणी खोकलं, कोणी शिट्टी मारली, जुन्या सवयीनं.

“भैयालालजी! चालू करो!”

प्रोजेक्टरच्या खोलीच्या चौकोनी भोकातून म्हाताऱ्या भैयालालचं डोकं बाहेर आलं. लहानूचा हा गाववाला या टॉकीजातच म्हातारा झाला होता. “जनाना की घंटी नहीं आई,” तो म्हणाला आणि डोकं आत गेलं.

हा पन्नालाल सेठांच्या वेळचा रिवाज. जिना उभा, एकदा एक लेकुरवाळी अंधारात गडगडली होती. तेव्हापासून वरच्या सगळ्या बायका जागेवर बसल्या, की दारावरून घंटी जायची आणि मगच दिवे मालवायचे. भैयालालनं एकदाही घंटीशिवाय पिक्चर सुरू केलं नव्हतं. वर कोणी नसलं तरी कुसुमबाई घंटी द्यायच्या, आणि तो वाट बघायचा.

मयंक धापा टाकत वर आला. “अम्मा, घंटी!”

“जागा भरली नाही अजून.”

“सब तो बैठ गए.”

“मी कुठं बसली?”

मयंकला आता घाम फुटला. खाली पेपरवाले होते, नगरसेवक होते. “अम्मा, अभी नहीं, प्लीज,” म्हणत त्यानं कुसुमबाईंच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि स्वतःच बटण दाबलं. घंटी खणखणली. सगळे पडद्याकडे वळले. दिवे ढिम्म हलले नाहीत. भोकातून पुन्हा भैयालालचं डोकं आलं.

“ये वैनी की घंटी नहीं है.”

कुसुमबाईंची घंटी दोन तुटक आणि एक लांब अशी असायची. ती कोणी शिकून घेतली नव्हती, कारण कधी तशी गरजच पडली नव्हती. मयंक भिंतीला टेकून उभा राहिला आणि ज्योतीनं तोंडावर पदर घेतला. पण पदराआड तिला हसू फुटलं होतं.

कुसुमबाई रांगेकडे चालू लागल्या. टॉकीजात एवढी शांतता झाली की त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत जात होता. मीराबाईंनी वर पाहिलं.

“कुसुमबाई? काय झालं?”

“इथं माझा रुमाल होता.”

“अहो, तो तुमचा होता का? मला वाटलं, कोणाचा तरी पडलेला आहे. मीच उचलून त्या माइकवाल्या पोराकडे दिला.”

“पडलेला नोता, बाई. टाकलेला होता.”

मीराबाई खुर्चीतच मागे वळल्या. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, ती नखानं खरवडून काढली आणि उठून सासूच्या पलीकडच्या खुर्चीवर बसल्या. “चुकलंच माझं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला हा नियम माहीत असायला हवा होता. तुम्हीच तर शिकवला होता.”

कुसुमबाईंनी रुमाल झटकला. लहानूचाच होता, निळ्या चौकटींचा, धुऊन धुऊन चौकटी पुसत आलेल्या. त्यांनी घडी केली, मधोमध ठेवला आणि घंटी द्यायला त्या मागे वळल्या.

मागून काठी वाजली. एवढा वेळ काय चाललंय याचा अनसूयाबाईंना पत्ता नव्हता. शेजारची खुर्ची रिकामी झाली आणि तिच्यावर काहीतरी दिसलं, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी काठीचं टोक रुमालावर टेकवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात रांगेला विचारलं,

“हा रुमाल कोणाचा?”

कुसुमबाईंचे पाय थांबले. हातात पाण्याचा पेला आहे आणि सगळ्या बायका आपल्याकडे बघताहेत, असं त्यांना एक क्षण वाटलं. बघत तर आताही होत्या सगळ्या. मीराबाई सासूच्या कानाशी वाकल्या, काही सांगणार होत्या. कुसुमबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

“माझा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“माझा!” आवाज छताला लागला. खालच्या लोकांनीही माना वर केल्या. “कुसुमचा. खमरियाच्या बसनं आली ती. माझा रुमाल हाय तो!”

अनसूयाबाईंनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक. काठीचं टोक मात्र रुमालावरून निघालं आणि जमिनीवर आलं.

“मग बसा की,” त्या कुरकुरल्या. “किती वेळ खोळंबा.”

“बसते. घंटी देऊन येते.”

कुसुमबाई दाराशी गेल्या. दोन तुटक, एक लांब. वर कुठेतरी भैयालाल खोकला, दिवे एकेक करत मंदावले आणि पडद्यावर उजेडाचा पहिला चौकोन पडला. ज्योती आईच्या खुर्चीकडे बघून खुणा करत होती, जा ना लवकर.

कुसुमबाई गेल्या नाहीत. टॉर्च त्यांनी स्टूलवरच राहू दिली आणि चौकटीला पाठ टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. पडद्याच्या उजेडात पहिल्या रांगेतली डोकी काळी दिसत होती आणि खांबाजवळ एका डोक्याएवढी जागा मोकळी होती. उशिरा आलेलं एक जोडपं तिथवर गेलं, वाकून पाहिलं आणि मागे फिरलं. लहानूचा रुमाल जागेवर होता. कुसुमबाईंना कसलीच घाई नव्हती.